नऊ टोपल्यांची राई

फार पूर्वी, घरांना कड्या होत्या पण कुलपं अजून यायची होती, त्या काळात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक सुतार होता. सुताराचा हात कसबी होता. लाकडात तर होताच, पण त्याहून जास्त चकती फेकण्यात होता, आणि गावाला खरं कौतुक होतं ते त्याचंच. नांगर काय, कोणीही करून देतं.

हा चकतीचा खेळ त्या गावाशिवाय कुठे नव्हता. गावाला लागून एका माळणीची राई होती. चिंचा, जांभळं, मोह अशी जुनी झाडं, मधून एक ओढा आणि कडेनं करवंदीच्या जाळ्या. राईत नऊ झाडांना नऊ टोपल्या टांगलेल्या असत. खेळणाऱ्यानं ठरलेल्या दगडावर उभं राहून भाकरीएवढी लाकडी चकती फेकायची, ती पडेल तिथून उचलून पुन्हा फेकायची, असं करत करत टोपलीत घालायची. नऊ टोपल्या मिळून ज्याच्या फेका सगळ्यांत कमी, तो जिंकला. चैत्राच्या पुनवेला मोठा सामना व्हायचा आणि जिंकणाऱ्याला सगळं गाव फेटा बांधायचं.

आता राई म्हणजे काही उघडं मैदान नव्हे. चकती एकदा झाडाआड गेली की कोण किती वेळा फेकतोय ते दुसऱ्याला दिसायचं नाही. म्हणून गावानं एक रीत पाडली होती. आपली फेक आपणच मोजायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. सांगितलेल्या आकड्यावर कोणी शंका घ्यायची नाही. खोटा आकडा सांगणं वाईटच, पण दुसऱ्याचा आकडा खोटा म्हणणं त्याहून वाईट, असं त्या गावात मानत. रीत चांगली होती. फक्त खोटं बोलणाराही तिच्याच आडोशाला लपू शकतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका चैत्रात सुतार आणि कुंभार असे दोघंच अटीतटीला आले. दोघं लहानपणापासूनचे सोबती. आठ टोपल्यांपर्यंत दोघांच्या फेका सारख्या. नववी टोपली कुंभारानं पाच फेकांत गाठली. सुताराची चकती चौथ्या फेकीला जाळीत अडकली. त्यानं ती ओढून काढली, पाचवी फेक केली आणि चकती टोपलीत पडली. सुतार जाळीमागून बाहेर आला आणि मोठ्यानं म्हणाला, “चार.”

का म्हणाला, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पाच म्हटलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की गाव दोघांनाही फेटा बांधत असे. म्हणजे हरायचं भय नव्हतंच. फक्त फेटा एकट्याच्या डोक्यावर दिसावा असं त्या घटकेला वाटलं आणि जीभ घसरली.

कुंभार जाळीच्या पलीकडेच उभा होता. त्याला दोन्ही फेका दिसल्या होत्या. तो सरळ मनाचा माणूस, म्हणून सरळच बोलला, “आरं, पाच झाल्या.”

गाव चपापलं. आकड्यावर शंका आजवर कोणी घेतली नव्हती. पाटलानं कुंभाराला शब्द मागे घ्यायला सांगितलं. कुंभार म्हणाला, दिसलं ते मागं कसं घेऊ? मग सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. सुतार जमिनीकडे बघत म्हणाला, “मला तर चारच आठवतात.” त्यावर गाव कुंभारावर असं तुटून पडलं की विचारू नका. मित्राचं यश डोळ्यांत सलतंय म्हणाले, पोटात दुखतंय म्हणाले. आरडाओरडा ऐकून माळीण आली. कोण खरं, कोण खोटं हे तिनं विचारलंच नाही. जिथं शब्दावर पहारा ठेवायची पाळी येते तिथं खेळ नको, एवढं बोलून तिनं दुसऱ्या दिवशी राईच्या वाटेवर बाभळीच्या काट्या लावल्या.

राई बंद झाली ती सात वर्षं. आणि तिचं खापर फुटलं कुंभारावर. मारहाण नाही, वाळीत टाकणं नाही, गाव तसं सभ्य होतं. गावानं नुसती थट्टा केली. मडकं घ्यायला आलेला माणूस हसून म्हणे, “येकच घेतलंय बरं का, पाच म्हणू नगस.” लग्नात जेवायला बसलं की वाढपी म्हणे, कुंभाराच्या पानावर लाडू मोजून वाढा. सात वर्षं तोच विनोद, आणि सात वर्षं गाव त्याला हसलं. सुतार तिथं असला तर तोही हसे. हसला नाही तर लोकांना वाटेल काय, या भीतीनं हसे, आणि घरी आल्यावर त्याला जेवण गोड लागत नसे. कुंभाराचं घर राईच्या कुंपणाला लागून होतं. सुतारानं त्या बाजूनं जाणंच सोडलं. त्याची बायको म्हणायची, ओढ्यावर जायला एवढा वळसा कशाला? तो म्हणायचा, पाय मोकळे होतात.

सातव्या वर्षी माळीण थकली. डोळ्यांपुढं धुकं आलं. राई लेकीच्या नावे झाली, आणि जावयानं ठरवलं की झाडं तोडून तिथं हळद लावायची. माळीण नाही म्हणाली नाही. तिनं फक्त तीन दिवस मागून घेतले. चकती टोपलीत पडल्याचा आवाज मरायच्या आधी पुन्हा ऐकायचाय, असं ती म्हणाली. जावई कबूल झाला. तीन दिवस खेळा, चौथ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडी लागतील.

गावाला आनंद मावेना. काट्या निघाल्या, नव्या टोपल्या टांगल्या गेल्या, म्हातारेकोतारे चकत्या घेऊन धावले. ज्यांचे खांदे धरले होते तेही धावले. दोघंच तेवढे गेले नाहीत. कुंभाराला कोणी बोलावलं नव्हतं. तो कुंपणाला लागूनच चाकावर बसे आणि आतला आवाज ऐकत मडकी घडवी. आणि सुताराला सगळे बोलावत होते, तर त्याच्या पाठीत उसण भरली होती.

उसण दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी पाटील स्वतः दारात आला. तुझ्याशिवाय शेवटचा खेळ व्हायचा नाही म्हणाला. सुतार उठला. वाटेत त्यानं मनाशी एक हिशेब जुळवला. आज एकेक फेक अगदी खरी मोजायची. कोणी बघो न बघो, खरी मोजायची. म्हणजे मागचं धुऊन निघेल. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती शहाणपणानं फसवतो पाहा.

शेवटच्या फेरीत त्याच्यासोबत तेलीण उरली. तिचा हात घाण्यावर घडलेला, फेक सरळ. सहाव्या टोपलीपाशी एका मोहाआड सुताराचा पाय घसरला आणि चकती हातातून सुटून पायाशीच पडली. रीतीप्रमाणे तीही फेकच. कोणी पाहिलं नव्हतं. सुतारानं ती मोजली, आकडा मोठ्यानं सांगितला, आणि शेवटी त्याच एका फेकीनं तो हरला. गावानं फेटा तेलिणीला बांधला.

हरला आणि त्याला बरं वाटलं. सात वर्षांत पहिल्यांदा छाती हलकी झाली. पण माळीण त्याच मोहाखाली बसली होती. डोळे गेले तरी कान शाबूत होते. ती काठी टेकत पुढं आली आणि तिनं सगळ्यांना सांगितलं की सुतारानं हातातून पडलेली चकतीसुद्धा मोजली, हरत असताना मोजली. मग ती म्हणाली, “सात वर्सं माझ्या मनात काटा व्हता. त्या दिशी खोटं कोन बोललं? आज निघाला काटा. जो मानूस अशी फेक मोजतो, त्यो खोटं बोलल व्हय? कुंभारच खोटा व्हता.”

गावानं माना डोलावल्या. तेलिणीनं आपल्या डोक्याचा फेटा काढून सुताराच्या डोक्यावर ठेवला. लोक त्याच्या पाया पडायला लागले. एका बाईनं आपल्या मुलीला पुढं केलं, बघ गं, खरेपणा कसा असतो ते बघ.

सुताराच्या कानशिलांत आग उतरली. मागचं धुवायला निघालेल्या माणसानं मागचंच पक्कं केलं होतं. आजच्या एका खऱ्या आकड्यानं त्याचं जुनं खोटं कायमचं खरं ठरणार होतं. आता बोलून काय होणार, असंही त्याच्या मनात आलं. सात वर्षं गेली ती गेली, उद्या राईच नसेल, म्हातारीचा जीव शांत झालाय, तो कशाला अशांत करा. ही सगळी कारणं त्याला चांगली वाटली. इतकी चांगली वाटली की त्याला स्वतःचीच किळस आली.

त्यानं कुंपणापलीकडे पाहिलं. कुंभारानं सगळं ऐकलं होतं. तो चिडला नाही. त्यानं हाताची माती मडक्याच्या कडेला निपटली, चाक थांबवलं आणि घरात निघून गेला. कोणी रोजचंच काही बोलावं आणि आपण सवयीनं ऐकून घ्यावं, तसा गेला. ते पाहून सुताराला उभं राहवेना.

त्यानं फेटा काढला आणि म्हणाला, “त्या दिशी पाच झाल्या व्हत्या.”

कोणाला काही कळेना. पाटील त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, सात वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं, इसरला असशील, चुकला असशील. सुटकेची वाट अशी आयती समोर आली. सुतारानं मान हलवली.

“इसरलो न्हवतो. चार म्हनताना ठावं व्हतं. नंतरबी रोज ठावं व्हतं.”

मग जे झालं ते कोणाला अपेक्षित नव्हतं. कोणी सुतारावर ओरडलं नाही. ओरडायला तोंड कुणाचं होतं? ज्यानं त्यानं आपापला विनोद आठवला. मडक्याचा आठवला, लाडवांचा आठवला. पाटील खोकत राहिला. माळीण तिथंच खाली बसली आणि पुटपुटली, म्यां इचारायला पायजे व्हतं, काट्या लावायच्या आधी इचारायला पायजे व्हतं.

सुतार कुंभाराच्या अंगणात गेला. सात वर्षांत पहिल्यांदा गेला. कुंभार दारात उभा होता. त्यानं आतून सगळं ऐकलं असावं. सुतारानं खाली मान घालून बोलायला सुरुवात केली, की मी तुझा गुन्हेगार आहे, मला माफ कर. कुंभारानं त्याला मधेच थांबवलं.

“परवा का न्हाई बोललास?” तो म्हणाला. “परवा बोलला असतास तर तीन दिस खेळलो असतो.”

कुंभारानं मावळतीकडे पाहिलं.

“माफीचं नंतर बघू. उजेड किती हाय?”

आणि तो आत गेला, कोनाड्यातली आपली चकती धोतराला पुसत बाहेर आला आणि राईकडे चालू लागला. गावानं वाट करून दिली. तो पहिल्या दगडावर उभा राहिला. सात वर्षं हात फक्त मातीत होता. पहिली फेक दहा पावलांवर पडली. पूर्वी एवढ्या फेकीला पोरंसोरं हसली असती. कुंभार मोठ्यानं म्हणाला, “एक.”

जवळ जायची कुणाची हिंमत झाली नाही. सारं गाव दगडापाशी उभं राहून ऐकत होतं. झाडांआडून आवाज येत होता. सात. आठ. मग टोपलीत चकती पडल्याचा आवाज, आणि पुन्हा पुढच्या फेकीचा आकडा. एकवीस. बावीस. कुंभार घाई करत नव्हता आणि एकही फेक गाळत नव्हता. त्या गावात याआधी कोणाचा आकडा इतका लक्ष देऊन कोणी ऐकला नव्हता. प्रत्येक आकड्याला सुताराची मान आणखी खाली जात होती.

सहावी टोपली झाली आणि अंधार पडला. झाडं दिसेनाशी झाली. एकोणचाळीस म्हटल्यावर आवाज थांबला. थोड्या वेळानं कुंभार बाहेर आला आणि म्हणाला, तीन टोपल्या ऱ्हायल्या, आता दिसत न्हाई.

सुतार जावयाच्या पायाशी गेला. एक दिवस दे म्हणाला, अर्धा दिवस दे, नुसती सकाळ दे. जावई वाईट माणूस नव्हता, पण कुऱ्हाडीवाले परगावाहून येऊन थांबले होते आणि त्यांना परवाच्या आत दुसरीकडे पोचायचं होतं. माळणीनंही मान हलवली. तीन दिवस मागितले होते, तीन मिळाले होते.

सकाळी राई पडली. पुढं कुंभारानं सुताराला माफ केलं, त्याच वर्षी केलं, आणि मनापासून केलं. दोघं पुन्हा एकमेकांच्या ओसरीवर बसू लागले. मडकी घेताना गावात कोणी हसलं नाही. पण कधीतरी बोलता बोलता कुंभाराचा उजवा हात नकळत फेकीचा झोक घ्यायचा, आणि मग त्याच्या ध्यानात यायचं की फेकायला काही नाही. तेव्हा सुतार दुसरीकडे बघायचा. माफी त्याला मिळाली होती; त्या तीन टोपल्या द्यायला मात्र त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: खरं बोलायचंच असेल तर ज्याचं आपण हिरावलंय त्याला ते परत देता येईल तोवर बोलावं; त्यानंतरचं खरं बोलणं फक्त आपलं मन हलकं करतं.