उचललेली टाच

ज्या काळाचं वर्ष कुणीच लिहून ठेवलं नाही, त्या काळी तळ्यांच्या देशात एक राणी राहत होती, आणि तिला झोप येत नव्हती.

काळजी एकुलत्या एका लेकीची. त्या देशात गादी आईकडून मुलीकडे जायची. राजकन्येला सातवं लागलं की तिचं चित्र काढून दर्शनी दालनात लावायचे. लोक दारापाशी उभे राहून नमस्कार करत आणि म्हणत, "काय शांत चेहरा. राज्य नीट चालेल." दालनात अशा कितीतरी राजकन्या होत्या. संगमरवरी गाल, मांडीवर जुळवलेले हात, खांद्यावरून पाण्यासारखी उतरलेली वस्त्रं. राणीही त्यांत होती.

आणि तिची लेक म्हणजे वारा. एका जागी बसेल तर शपथ. राणी स्वतःशी म्हणे, 'लोक पोरीला नाही हसणार. आईनं काय वळण लावलं, असं विचारतील. आणि मला उत्तर येणार नाही.'

लेकीला सातवं लागलं आणि म्हातारा चितारी आला. त्याची रीत संथ होती. आधी हाडं रेखायची, मग अंग, मग त्यावर वस्त्र. रंगाचा हात इतका पातळ द्यायचा, जणू काचेवर श्वास सोडावा. तो वाळला की दुसरा. शेवटी चित्र शंखाच्या पोटासारखं गुळगुळीत होई, कुंचल्याची एक रेघ दिसत नसे.

राजकन्या बसली, उठली, खिडकीत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"लेकरू आहे की कबूतर?" दाई म्हणाली.

"असू द्या," चितारी म्हणाला. त्यानं एक लाकडी बाहुली आणली, राजकन्येएवढी. तिला राजकन्येचा शेला पांघरवला आणि तो चुण्या रंगवू लागला. डावीकडच्या झरोक्यातून ऊन येई. शेल्यावरून हळूहळू सरके. बाहुली हलत नसे.

राणी पाहतच राहिली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "बघ गं, कशी छान बसते ती."

राजकन्येनं बघितलं. दुसऱ्या दिवशी ती बाहुलीशेजारी जाऊन बसली. तसेच हात, तशीच मान. तिसऱ्या दिवशीही. राणीनं सुटकेचा श्वास सोडला. महाल तळ्याच्या तळासारखा निवांत झाला. कुणी पळेना, कुणी हाका मारेना.

"गुणाची झाली हो," राणी दाईला म्हणाली.

"झाली खरी," दाई म्हणाली. "दुधावरची साय आता जागच्या जागी असते. मांजरसुद्धा तिच्या हातच्या सायीची वाट बघून गेलं."

सगळं चित्र झालं, फक्त चेहरा राहिला. चितारी रोज कुंचला उचले आणि खाली ठेवी.

"चितारीबुवा, आता काय अडलं? हलत तर नाही ती."

"तेच अडलं, राणीसाहेब. शेल्याच्या आत कोण आहे, ते मला दिसेनासं झालंय."

राणीला राग आला. "दालनातल्या त्या सगळ्या शांतच आहेत की. मीसुद्धा."

"आपलं चित्र माझ्या गुरूंनी काढलं. जवळून पाहिलंय कधी?"

जवळून कुणीच पाहत नसे. नमस्कार दारातूनच करायचा असे. चितारीनं घडवंची ओढली, राणीला वर चढवलं आणि वस्त्राच्या खालच्या चुणीवर बोट धरलं. सावलीत एक लहानशी टाच होती. जमिनीपासून उचललेली. तिच्यामुळे गुडघा किंचित वर, गुडघ्यामुळे चुण्या तिरप्या, आणि त्या तिरप्या चुण्यांना तोलायला मान अशी सरळ. साऱ्या चित्राची शांती त्या पळू पाहणाऱ्या टाचेवर उभी होती.

"मी हलले नव्हते असं सगळे सांगतात," राणी हळूच म्हणाली.

"सांगतात," चितारी म्हणाला.

राणी खाली उतरली ती थेट लेकीकडे गेली. राजकन्या बाहुलीशेजारी बसली होती, आणि क्षणभर राणीला कळेना, दोघींतली आपली कोणती.

"ऊठ, बाळा. जा, खेळ."

राजकन्या उठली नाही. "मग मी छान नाही दिसणार," ती पुटपुटली.

राणीनं तिला कडेवर घेतलं, दालनात नेलं, स्वतःच्या चित्रातली टाच दाखवली. राजकन्येनं नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं.

"ही तू?"

"मी."

"कुठे पळणार होतीस?"

"आठवत नाही गं. बहुतेक तळ्यावर."

"चल, बघून येऊ."

दोघी गेल्या. परतल्या तेव्हा राजकन्येचे पाय चिखलानं भरले होते आणि राणीच्या पदराला शेवाळ लागलं होतं. लेक धापा टाकत आपण होऊन चौरंगावर टेकली. तिचा श्वास हळूहळू खाली बसला, डोळे मात्र अजून पाण्यावर होते. चितारीनं तेवढ्यात तो चेहरा चित्रात धरला.

चित्र दालनात लागलं. लोक दारात जमले. "काय शांत मुलगी," ते म्हणाले. "आईचं वळण."

राणीला हसू आलं, ते तिनं गिळलं. मग लेकीचा हात धरून, तिच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "नीट ऐक. हालचाल मारून मिळते ती लाकडाची स्तब्धता. माणसाची शांती, त्याला मनासारखं धावू दिलं की आपोआप येऊन बसते."

राजकन्येनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऐकलं. आता हात सोड ना."