विळा बाहेर ठेवायचा बांध

सकाळी सात वाजता, मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी, तांबेवाडीच्या ओढ्याकाठच्या बांधावर बायका जमतात. विळे वाटेवरच्या दगडापाशी ठेवून रिकाम्या हातांनी आत जातात आणि रानाचे पिकलेले बी तिथेच उधळतात. आत रुई, कुर्डू, टाकळा, रानतुळस कंबरभर माजलेली. या झाडोऱ्याला विळा का लागत नाही, हे गावातले नाना धुमाळ पाहुण्यांना सांगतात, ते असे.

फार पूर्वी इथे दोन जावा होत्या. थोरली बायजा, धाकटी ठकू. जमीन वाटून घेतलेली, मधे हाच बांध. बायजाने आपल्या बाजूला रान वाढू दिले होते. मधमाश्या, फुलपाखरे दिवसभर तिथेच, आणि तिचा कारल्यांचा मांडव लगडलेला. ठकूच्या वेलांची फुले मात्र फळ न धरताच गळत. तिला जेवण जाईना. "माश्यासुद्धा थोरलीलाच मानतात," असे ती नवऱ्याला म्हणे.

मग तिनेही रुई लावली. पण हात शेतकरणीचा. सरळ ओळीत लावली, मधले कुर्डू तण म्हणून उपटले, पानांवरच्या पट्टेरी अळ्या वेचून चुलीत टाकल्या. फुलपाखरू एकही येईना.

"अगं, लेकरं जाळतेस आणि आईची वाट बघतेस," बायजा चारचौघींत हसली.

ते ठकूला झोंबले. दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना ती विळा घेऊन बांधावर गेली. बांधावरचे रान आधीच कोणीतरी सपाट कापलेले होते. ती थिजून उभी राहिली. माणसे जमली, तेव्हाही विळा हातातच होता.

"मी नाही कापलं, आक्का."

"मग विळा कशाला आणलास?"

रान पुन्हा उभे राहीपर्यंत कारले तोंडाला लावणार नाही, अशी शपथ ठकूने ओढ्यात उभे राहून घेतली. सात वर्षे बी वेचून आणले, अळीला हात लावला नाही. आठव्या वर्षी फुलपाखरे आधी तिच्या मांडवावर उतरली म्हणे, आणि त्या दिवशी बायजा उपाशी निजली.

आजही पहिली मूठ ठकूच्या घरची सून उधळते, आणि बाकीच्या बायका तिच्या हातांवर नजर ठेवतात. इथे नानांचा आवाज चढतो. त्या सकाळी ठकूचा विळा कोरडा होता, पात्याला पाल्याचा डागही नव्हता, हे सगळ्यांनी पाहिले होते. बांध कोणी कापला, हे गावाने आजवर दुसऱ्या कोणालाच विचारलेले नाही.