हरभऱ्याचं टेकाड

नदीच्या तळाशी दगडावर दगड घासल्यासारखा एक आवाज भैरू आंब्यानं, म्हणजे भैरू नावाड्यानं, पोरवयात ऐकला होता. त्याच दिवशी त्याचे आईबाप आणि अर्धी वस्ती पाण्यानं नेली. तुम्ही बसला आहात ते टेकाड त्या आवाजाच्या भीतीतून उभं राहिलं, असं सांगतात. सगळं रान सपाट आणि हे एकटंच उंच. इथं हरभरा कधी पिकला नाही, तरी नाव हरभऱ्याचं.

भैरू पुढं गावाची होडी चालवू लागला. म्हातारपणी त्याला तो आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. कधी यायचा, कधी नाही. खरा की भास, हे त्यालाही कळेना.

त्या काळी गाव चैत्रात कारभारी निवडायचं म्हणे. देवळात एक रांजण ठेवायचे आणि घरटी एकानं आत धान्याची मूठ सोडायची. त्या साली गावातला दादजी आणि भैरू असे दोघं उभे होते : दादजीसाठी ज्वारी, भैरूसाठी हरभरा. भैरूचं मागणं एकच : पावसाआधी मातीचा उंचवटा करू, वेळ आली तर पोरंबाळं तिथं नेऊ. दादजी म्हणाला, "माझ्या हयातीत पाणी पाराला लागलं न्हाई. त्याच कष्टात देवळाला मंडप घालू."

रांजण उपडा केला. ज्वारीचा ढीग पडला. त्यात हरभरा हुडकावा लागत होता.

"आंब्या, तुझी होडी कोरड्यातच बुडाली की रं!" दादजीची माणसं हसली.

दादजी डूख धरणारा. हरभरा कुणी टाकला, ते कुणीच बोललं नाही. भैरूला वाटलं, या गावात आपलं कुणी नाही. सकाळी त्यानं भांडीकुंडी होडीत भरली. पण विधवा सून गोजरा काठावरच उभी राहिली.

"मामंजी, तुमी जावा. पोरीला कडंवर घिऊन मी माती वडते."

तिनं या जागेवर मातीची पहिली पाटी ओतली. भैरू होडीतून उतरला. दुपारी कासाराची म्हातारी पदराआड पाटी घेऊन आली. मग एक धनगर आला. तो तिला बघून थबकला.

"आत्ती, तूबी हरभराच?"

"मग! मला वाटलं, मी एकलीच खुळी."

असे एकेक येत गेले. थोडेच होते, पण आता एकमेकांना ठाऊक होते. त्या उन्हाळ्यात मुंग्या अंडी घेऊन झाडांवर चढल्या. पाऊस नसताना विहिरी गढूळ झाल्या. माती ओतणारे कमी बोलू लागले, पाट्या जास्त ओतू लागले.

श्रावणात तो आवाज साऱ्या गावानं ऐकला. भर दुपारी पाणी पार ओलांडून घरांत शिरलं. लोक टेकाडाकडं धावले. सगळ्यांत शेवटी, छातीइतक्या पाण्यातून, आईला पाठुंगळी घेऊन दादजी आला. वर तसूभर जागा नव्हती. कुणी हलेना. खाली पाणी चढत होतं.

भैरूनं नातीला खांद्यावर घेतलं. "सरका रं," एवढंच तो म्हणाला.

पाणी उतरल्यावर दादजी खाली गेला. चिखलानं पाटी भरून त्यानं टेकाडावर ओतली आणि मान खाली घालून घरी गेला.

आजही निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी हरलेली माणसं इथं जमतात. पाट्या ओततात, भाकरी सोडतात, एकमेकांची विचारपूस करतात. खाली नदी असते. सगळ्यांत शेवटी जिंकलेला येतो. गुलाल धुऊन, एकटा. तो एक पाटी ओततो आणि निघून जातो.