आडवा पाय

"म्हणजे पाय धड हाईत, पण डोक्याचं ऐकत न्हाईत. असंच न्हवं?"

"पायांचा दोष नाही, अप्पाजी. डोकंच पायांना सांगायचं विसरतं."

"मग डोक्याला आठवण कोण करून देणार? ही काठी?"

"हो. ही काठी," रेवण म्हणाला, आणि नाही म्हटलं तरी त्याची मान जराशी ताठ झाली.

ताठ व्हायला कारण होतं. काठी त्याची होती. डॉ. रेवण मगदूम, मेंदूचे डॉक्टर, पुण्यात राहून पार्किन्सनवर संशोधन करणारे. आपल्याकडे त्या आजाराला कंपवात म्हणतात. परदेशातल्या परिषदांत त्याची काठी लोकांनी उभं राहून पाहिली होती. तीच तो आज गडहिंग्लजच्या पलीकडच्या या लहानशा मठात, मठाधिपती अप्पाजींच्या खोलीत घेऊन आला होता.

आणि अप्पाजी तिच्याकडे असे बघत होते, जणू बाजारात कुणीतरी महागाची वांगी गळ्यात मारली आहेत.

या मठाला एक वसतिगृह आहे. आसपासच्या वाड्यांवरची, घरात दोन वेळच्या जेवणाची पंचाईत असलेली मुलं तिथं राहून शिकतात. रेवण त्यांच्यातलाच. वडील गेल्यावर आईनं त्याला इथं आणून सोडलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. अप्पाजींनी समजूत घातली नाही की उपदेश केला नाही. शेजारी मांडी घालून बसले आणि आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी त्याच्या ताटात टाकली. पुढं कान पिळून पाढे शिकवले ते निराळं, पण रेवणच्या लेखी बाप म्हणजे तोच अर्ध्या भाकरीचा माणूस.

त्याच माणसाचे पाय आता जमिनीला चिकटत होते.

खोलीत कसेबसे चालायचे. दार आलं की खलास. पावलं थिजायची, अंग पुढं झुकायचं, आणि धरायला कुणी नसलं तर तोंडावर आपटायची पाळी. सभेला दोन गडी त्यांना खुर्चीसकट उचलून न्यायचे. लोक रांग लावून त्या पायांवर डोकी टेकायचे, आणि गडी खुर्ची परत आणून ठेवायचे. पंगतीला मात्र अप्पाजी खुर्चीतून जायला तयार नव्हते. आयुष्यभर मुलांना स्वतःच्या हातानं भाकरी वाढून मग त्यांच्या ओळीत बसून जेवलेला माणूस.

"खुर्चीतनं येणारा वाढपी मी तरी बघितला न्हाई," म्हणायचे, आणि खोलीतच ताट मागवायचे.

ते ताट जसंच्या तसं परत जायचं. एकट्यानं घास उतरतच नव्हता. श्रावणापासून अप्पाजी इतके वाळले होते की छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. शेवटी मठाच्या सैपाकघरात हयात घालवलेल्या पारव्वानं पुण्याला फोन लावला आणि डॉक्टरला सरळ दम दिला, "औषधं आणू नगंस. माणसाला पंगतीत आणून बसीव. न्हाईतर मग मागनं रडत येऊ नगंस."

रेवण दुसऱ्याच दिवशी हजर झाला होता.

"चालणं म्हणजे सवय असते," तो अप्पाजींना समजावू लागला. "मेंदूतला एक कोपरा ती सवय सांभाळतो. तुमचा तो कोपरा थकलाय. पण डोळ्यांपुढं ओलांडायला काहीतरी ठेवलं की मेंदू दुसरी वाट धरतो, आणि पाय उचलतो. एवढंच आमचं संशोधन."

"एवढंच?"

"एवढ्यालाच सगळी वर्षं गेली, अप्पाजी."

"गेली म्हणू नगंस. लावलीस म्हण."

रेवणनं काठीची कळ दाबली. फरशीवर, अप्पाजींच्या बोटांपुढं, उजेडाची एक लाल रेघ उमटली.

अप्पाजींनी तिच्याकडं पाहिलं. पाय उचलला आणि रेघ ओलांडली. काठी पुढं झाली, रेघही पुढं सरकली. दुसरा पाय. मग पुन्हा पहिला. पलंगापासून खिडकीपर्यंत अप्पाजी चक्क चालत गेले.

पारव्वा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"बघितलंत?" रेवणचा आवाज खोलीत मावेना.

"बघितलं. चांगलं केलंयस. आता चल, पोरं खोळंबली असतील."

बाहेर ओसरीवर सकाळची पंगत मांडलेली. शाळेच्या आधीची. ताटांचे आवाज, आमटीचा वास, आणि चुळबुळ. आज अप्पाजी येणार ही बातमी पारव्वानं कधीच फोडली होती, त्यामुळं कुणी घासाला हात लावत नव्हतं.

अप्पाजी दारापाशी आले.

आणि थांबले...

रेवणनं कळ दाबली. पुन्हा दाबली. काठी हलवली, झटकली, फुंकर मारली. रेघ काही दिसेना.

दार पूर्वेचं होतं. उंबरा नावालाच उरलेला, माणसांच्या येण्याजाण्यानं झिजून फरशीला मिळालेला, आणि त्याच्यावर दहाचं ऊन नुसतं ओतलं होतं. त्या झगझगीत उन्हात बिचाऱ्या लाल रेघेचा कुठं पत्ता लागणार?

"छत्री आणा!" रेवण ओरडला.

पारव्वानं छत्री आणली. छत्रीनं सावली पडली ती अप्पाजींच्या तोंडावर. तिरकी धरली तर काठीला आडवी येऊ लागली. रेवण एका हातात छत्री, एका हातात काठी, कोपरानं गुरूला सावरतोय, अशा अवस्थेत वाकडातिकडा नाचत होता, आणि पंगतीतली पोरं हसू दाबून दाबून लाल झाली होती.

तेवढ्यात अप्पाजींचं अंग पुढं गेलं आणि पाय मागंच राहिले. रेवणनं दोन्ही वस्तू टाकून त्यांना मिठीत धरलं म्हणून निभावलं. तेव्हा त्याला कळलं की हा देह किती हलका झाला आहे.

"पुण्यात ऊन नसतंय काय रे?" अप्पाजींनी मिठीतूनच विचारलं.

"प्रयोगशाळेत नसतं."

"बरं असतंय की मग तिथं."

"संध्याकाळी ऊन उतरलं की नक्की जमेल, अप्पाजी. मी थांबतो."

"भूक आत्ता लागलीया."

कित्येक आठवड्यांनी हा माणूस भूक लागली म्हणत होता, आणि वीतभर दगडापलीकडं त्याचं ताट वाढलेलं होतं.

"मागल्या आठवड्यात मी गेलो होतो भाईर," अप्पाजी सहज म्हणाले.

"बाहेर? कसे?"

"मांजर झोपलं होतं हितं, आडवं. गेलो ओलांडून."

रेवणनं पारव्वाकडं पाहिलं. तिनं मान हलवली. "खरं हाय. मी भाकऱ्या थापत हुते, बघती तर अप्पाजी ओसरीवर उभं! मांजराला रोज तितंच झोप म्हणून दूध ठिवलं. आता ते दूध पितंय आणि चुलीमागं जाऊन झोपतंय."

"मग मी म्हणालो, मांजर नसंना का, माणसं हाईत की," अप्पाजी सांगू लागले. "कुणीतरी माझ्यापुढं पाय आडवा टाका. मी ओलांडतो. गावच्या पाटलाला सांगितलं, त्यानं हात जोडलं. खुर्ची उचलणारा गडी रडायला लागला. ही पारव्वा तर गालावर मारून घेत पळाली."

"मग काय करू?" पारव्वा फणकारली. "गुरूम्होरं पाय? आणि त्यो गुरूनं ओलांडायचा? हे पाप कुठं फेडू?"

"बघ रेवण. या पायांवर डोकं ठेवायला रांग लागतिया. त्यांच्यापुढं पाय ठेवायला एक माणूस मिळंना."

रेवणची नजर खाली पडलेल्या काठीवर गेली.

हे त्याला नवीन नव्हतं. आडव्या पायाची युक्ती त्याला कधीपासूनची ठाऊक होती. दवाखान्यात येणाऱ्या बायकांना तो हेच सांगायचा, नवरा दारात थिजला की त्याच्यापुढं तुमचा पाय आडवा ठेवा. त्या बायका कानाला हात लावायच्या. एकदा इंदापूरकडची एक बाई म्हणाली होती, डॉक्टर, दुसरं कायपण सांगा. त्यावर रेवण चिडला होता. लोक पाय टाकायला तयार नाहीत म्हणूनच तर त्यानं उजेडाची रेघ शोधली, आणि आपल्या निबंधात लिहिलंही, की घरच्यांची अंधश्रद्धा हा या उपचारातला मोठा अडथळा आहे.

हे सगळं त्यानं अप्पाजींना सांगितलं. लपवायची सोयच नव्हती. लहानपणापासून या माणसापुढं त्याला काही लपवता आलं नव्हतं.

"त्या बाईला तू काय म्हणालास?"

"म्हणालो... ताई, हे विज्ञान आहे. पाय टाका. काही होत नाही."

"बरोबर बोललास. टाक मग."

रेवण बाहेर गेला. दाराच्या कडेला उभा राहिला, एका हातानं अप्पाजींचा दंड धरला. आता उजवा पाय त्या झिजक्या उंबऱ्यावर आडवा ठेवायचा होता, एवढंच. उंबऱ्यावर पाय देऊ नये हेही त्याला याच माणसानं शिकवलं होतं, पण तो प्रश्न वेगळा.

पाय उचलेना.

त्यानं स्वतःला बजावलं. तू डॉक्टर आहेस. यात काही पाप नाही, पुण्य नाही, मेंदूतली एक वाट आहे फक्त. डोक्याला सगळं पटत होतं. पण समोर ती पावलं होती. भेगाळलेली, नखं वाढलेली, सुजलेली. त्याच पायांना त्यानं थंडीत तेल चोळलं होतं. डॉक्टर झाल्याची बातमी घेऊन आला तेव्हा त्यांच्यावरच तो हमसून रडला होता. आईपेक्षाही त्यानं त्यांच्यावर जास्त माया केली होती, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पावलांपुढं आपली टाच आडवी घालायची?

त्याचा पाय जिथल्या तिथं...

अप्पाजी त्या पायाकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. डोळ्यांत मिश्किल हसू होतं, आणि हसण्याच्या कडेला पाणीही.

"अरं लेकरा, तुलाबी झालाय व्हय हा आजार?"

रेवणच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही आलं. त्याला त्या बाईची मनापासून माफी मागावीशी वाटली. पारव्वानं भिंतीकडं तोंड केलं.

"अप्पाजी, मला नाही जमणार."

"जमतंय. रोज कितीजणांना सांगतोस."

"सांगणं निराळं."

"व्हय की. म्हणून तर तुला बोलावलंय."

"मला पारव्वानं बोलावलं."

"तिला फोन कुणी लावायला सांगितला?"

रेवणनं चमकून पारव्वाकडं पाहिलं. तिनं भिंतीकडंच बघत पदर सारखा केला.

मग त्यानं डोळे घट्ट मिटले आणि पाय पुढं केला. दगडाला टेकला, उन्हानं तापलेल्या.

"डोळं उघड," अप्पाजी म्हणाले. "देवाला फूल वाहतोयस काय? मला ओलांडायचा हाय तो. नीट आडवा धर."

रेवणनं डोळे उघडले. पाय सरळ करून आडवा धरला. आपल्या पावलाशेजारी ती पावलं त्यानं पाहिली, बोटाला बोट लागेल इतकी जवळ. एकदम त्याच्या मनातली भीती कुठल्या कुठं गेली आणि उरली नुसती काळजी, की हा म्हातारा पडता कामा नये. त्यानं दंडावरची पकड घट्ट केली.

अप्पाजींनी त्या पायाकडं रोखून पाहिलं...

त्यांची टाच सुटली. गुडघा वर आला. पाऊल हळूच हवेत गेलं, रेवणच्या पायावरून, उंबऱ्यावरून पलीकडं, आणि ओसरीच्या फरशीवर टेकलं.

"आलं! आलं!" पंगत ओरडली.

रेवणला राहवलं नाही. त्यानं आपला पाय झटकन मागं ओढून घेतला, एक हात त्यांच्या गुडघ्याला टेकू म्हणून लावून तो खाली वाकला, आणि नुकत्याच बाहेर आलेल्या त्या पावलावर त्यानं डोकं टेकलं.

अप्पाजींनी चौकट धरली. दुसऱ्या हातानं, लहानपणी धरायचे तसा, डॉक्टरचा कान धरला आणि त्याला वर ओढलं.

"डोकं मागनं ठेव लेकरा. आधी पाय ठेव... माझा दुसरा अजून आत हाय."