कोठाराच्या वाटेवरचे निरांजन

“...आणि पिंप रिकामं असेल, तर?”

“तर अधिक जपायचं,” केतकीने तत्काळ उत्तर दिले. “थिनर काढून घेतला, तरी आत त्याची वाफ उरते. पेट घेते ती वाफच.”

“ती वाफ जाते कुठे?”

“हवेहून जड असते, गुरुजी. वर चढत नाही. जमिनीवरून सरपटत दाराबाहेर येते. दिवा लांब असला, तरी त्याला गाठते.”

माणगावे गुरुजींनी नुसती मान हलवली.

रंगाच्या त्या कारखान्यात ज्वालाग्राही द्रव्यांचे कोठार सांभाळणे आणि ती द्रव्ये कशी हाताळावीत हे नव्यांना शिकवणे, दोन्ही आजवर त्यांच्याकडे होते. आज ते निवृत्त होणार होते. कोठाराची किल्ली केतकीच्या हाती द्यायची की नाही, हे ते पूजेनंतर ठरवणार होते.

केतकी धायगुडे हिला मात्र त्याविषयी तिळमात्र शंका नव्हती. गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्यांत एकही उत्तर न चुकलेली ती एकटीच, आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नसे.

खंडेनवमीचा दिवस. यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. शेवटी कोठाराची पाळी आली. दरवर्षी तिथे नुसती फुले वाहत. यंदा मालकांच्या आईंनी मानाचे ताट गुरुजींच्या हाती दिले. हळद, कुंकू, फुले आणि मधोमध तेवते निरांजन.

गुरुजी ताट घेऊन निघाले. मागे सगळा कारखाना.

आता थांबतील, असे केतकीला वाटले... ते थांबले नाहीत.

कोठार बरेच लांब असतानाच ती पुढे झाली आणि वाटेत उभी राहिली.

“गुरुजी, निरांजन इथवरच.”

“सणाचा दिवस आहे, केतकी.”

“वाफेला पंचांग कळत नाही.”

मागून कोणीतरी म्हणाले, “मॅडम, गुरुजींकडंच गेटपास मागताय व्हय?”

हशा पिकला.

“उंबऱ्याबाहेर ठेवतो,” गुरुजी म्हणाले.

“नाही.”

“या दारात माझे केस पिकले.”

“म्हणून तर थांबा म्हणते.”

हशा विरला. गुरुजींच्या कपाळावर आठी उमटली. तशी आठी केतकीने पूर्वी कधी पाहिली नव्हती. किल्ली गेली, हे तिला लख्ख कळले. अजूनही बाजूला होता येईल, असे मनात आले...

तिने दोन्ही हात आडवे पसरले.

“गुरूला अडवतेस?”

“हो.”



गुरुजी वळले. आवाराच्या पार पलीकडे, कडुलिंबाच्या पारावर त्यांनी ताट ठेवले आणि ओंजळीत फक्त फुले घेऊन परत आले. केतकी बाजूला झाली. त्यांनी दाराला फुले वाहिली. मग कोठाराची किल्ली काढून सर्वांदेखत तिच्या तळहातावर ठेवली.

टाळ्या वाजल्या. मघाचा थट्टेखोरही वाजवत होता. केतकीची मान ताठ झाली.

तरी एक गोष्ट राहिली होती. ती परीक्षाच होती, हे तिला गुरुजींच्या तोंडून ऐकायचे होते. म्हणजे एकही उत्तर न चुकल्याचा मान पुरता पदरात पडला असता.

गर्दी पांगली, तशी तिने विचारले, “परीक्षाच घेतलीत ना, गुरुजी? की निरांजनाचं खरंच भान राहिलं नव्हतं?”

गुरुजी हातांना लागलेले कुंकू पुसत होते.

“अडवलंस, तेव्हा ठाऊक होतं?”

“नाही...”

“मग आताही नसू दे.”