आचार्यांच्या दारापर्यंत येऊन परतलेला माणूस

फार पूर्वी एका डोंगरावर एक विद्यापीठ होतं. तिथले वृद्ध आचार्य देवाघरी गेले, तेव्हा राजानं त्यांच्या जागी माधवभट नावाच्या विद्वानाला नेमलं.

जुने आचार्य सगळ्यांत मिसळायचे. मुदपाकखान्यात डोकवायचे, ग्रंथशाळेत जाऊन बसायचे, ज्याची त्याची विचारपूस करायचे. माधवभटांना ते पटत नसे. "सलगी वाढली की शिस्त जाते," असं त्यांचं मत होतं. त्यांनी आल्याबरोबर आज्ञा काढली, 'ज्यानं त्यानं आपापलं काम करावं. विचारल्याशिवाय बोलू नये. बोलावल्याशिवाय आचार्यांच्या दालनात येऊ नये.'

सारं सुरळीत चालू लागलं. घंटा वेळेवर वाजू लागली, अंगणात काडीही दिसेना. माधवभट खूश झाले.

पण ते येताना दिसले की बोलणी थांबत. त्यांचं ताट दालनात येई आणि ते एकटेच जेवत. एका अवघड श्लोकाचा अर्थ त्यांना कित्येक वर्षं लागत नव्हता. एका दुपारी तो अचानक उलगडला. आनंदाच्या भरात ते मुदपाकखान्यापर्यंत गेले. त्यांना पाहून सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले.

"काही आज्ञा?" आचाऱ्यानं विचारलं.

"नाही. चालू द्या," असं म्हणून ते परत फिरले. तो श्लोक त्यांनी कुणालाच सांगितला नाही.

पुढे दूरगावचे एक वैद्य औषधींचा जुना ग्रंथ पाहायला आले. ग्रंथपाल केसोबांनी कपाट उघडलं. आत नुसता भुगा होता. वाळवीनं एकही पोथी ठेवली नव्हती. वैद्य रिकाम्या हातानं डोंगर उतरून गेले. त्यांच्या गावात साथ होती.

माधवभट संतापले. "तुम्हाला वाळवी दिसली नाही?"

"दिसली होती," केसोबा खाली बघत म्हणाले. "थंडीतच भिंतीवर मातीची रेघ दिसली. दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो."

"मग?"

"तुम्ही बोलावलं नव्हतं."

"तुम्हाला स्वतःला काही करता आलं नाही?"

"आलं असतं. पूर्वी केलंही असतं." केसोबा म्हणाले. "पण हल्ली ते ग्रंथ आपले वाटेनासे झाले होते, आचार्य. चूक माझी आहे. शिक्षा द्या."

केसोबांना काढून टाकणं सोपं होतं. माधवभट कपाटाशी वाकले आणि त्यांनी मूठभर भुगा हातात घेतला. मग म्हणाले, "शिक्षा करायची तर आधी मला करावी लागेल. चला, जेवायची वेळ झाली."

त्या दिवशी ते पंगतीत शेवटच्या पाटावर बसले. कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते मात्र रोज येत राहिले. स्वतःच काहीबाही विचारत. उत्तर एका शब्दात येई. आज्ञा मागे घेता आली होती, पण लोकांच्या मनातली धास्ती तशी निघेना.

असा उन्हाळा सरला. एके दिवशी वाढता वाढता आचारी थबकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आचार्य, कोठाराची भिंत ओल धरतेय. धान्य हलवायला हवं."

माधवभटांचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"दाखवा," ते म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले.

तात्पर्य एवढंच: धाकानं माणसांचे हात राबतात, पण जीव लागत नाही. आणि ज्याला कुणी काही सांगत नाही, तो सगळ्यांचा धनी असूनही एकटाच असतो.