आपोआप पडलेलं फूल

"...आपोआप पडलं होतं?"

"हो, महाराज. मी हातसुद्धा लावला नाही."

भैरवगिरीने कैलासपतीचं टवटवीत फूल सोमगिरी महाराजांपुढे ठेवलं. राजेरजवाड्यांच्या वेळची ती बाग. सातासमुद्रापलीकडची झाडं आणून तिथे लावलेली. यात्रेहून मठाकडे परतताना दोघे गुरुशिष्य तिथे विसावले होते.

त्यांच्या मठाचा नेम कडक. देवाला वाहायचं ते झाडाने आपणहून टाकलेलं फूल. खुडलेलं चालत नाही. या नेमाचा भैरवगिरीला भारी ताठा. निघायच्या दिवशी म्हाताऱ्या येसूबाईची मोगऱ्याची परडी त्याने चारचौघांत दारातून परत पाठवली होती.

"खुडलेली फुलं देवाला? लाज नाही वाटत, बाई?"

आणि मठात परतल्यावर पूजेचा मान त्यालाच मिळायचा होता.

महाराज उठले.

"कुठलं झाड? दाखव बरं."

दाखवणं भाग होतं.

बुंध्यावरच फुलांचे घोस लोंबत होते. खाली मातीत काही हिरव्या, घट्ट मिटलेल्या कळ्या पडल्या होत्या. त्यांचे देठ अजून ओले होते.

"वारा सुटला होता का रे?"

"नाही, महाराज."

"मग या कळ्या? त्याही आपोआप?"

भैरवगिरीने हातातली काठी हळूच पाठीमागे नेली. हात लावला नव्हता, एवढं मात्र खरं होतं.

महाराजांनी काठीकडे पाहिलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारातून मागे फिरलेली येसूबाई डोळ्यांपुढे आली. तिने तर काहीच लपवलं नव्हतं. त्याला मान वर करवेना.

"चुकलो, महाराज. काठीने पाडलं. पूजेला मी लायक नाही..."

महाराज हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फूल त्याच्या हाती दिलं. मग मनगट धरून तो हात वर नेला आणि फूल झाडावरच्या तुटक्या देठाला टेकवलं.

"धर."

त्याने धरलं. बाग बघायला आलेली माणसं थांबून बघू लागली. कुणीतरी हसलं. त्याची कानशिलं तापली. हात भरून आला.

महाराज खाली बसून मातीतल्या कळ्या वेचत होते.

"महाराज... कुठवर धरू?"

महाराजांनी एक कळी पुसून ओंजळीत ठेवली.

"आपोआप पडेपर्यंत."